बांधाने पूर अडत नाही

सदर : कारभार घरचा



खेड्यापाड्यांतल्या बऱ्याच घरांत आता संगणक आला आहे. कुणी मुलांच्या शिक्षणासाठी लॅपटॉप घेतला. कुणाकडे दूध संकलनाचे काम आहे, त्याचा रोजचा हिशेब संगणकातच असतो. निर्यातीची द्राक्षे करणारे बागाईतदार फवारणीची तारीख, औषध आणि प्रमाण त्यात लिहून ठेवतात. काही गावांत बचत गटाच्या बहिणी कर्जाचे आणि हप्त्यांचे हिशेब स्वतः त्यात मांडतात. ही सगळी चांगलीच गोष्ट आहे.

पण चोपडी आणि संगणक यांत एक मोठा फरक आहे. चोपडीला वाळवी लागली तर चार पाने जातात, उरलेली वाचता येतात. संगणकातली हार्ड डिस्क बिघडली तर दहा वर्षांचा हिशेब, लेकीच्या लग्नाचे फोटो आणि आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या हे सगळे एका क्षणात जाते. बैल आजारी पडण्याआधी चारा सोडतो, सुस्त होतो, आपल्याला समजते. डिस्क मात्र पुष्कळदा काहीच न सांगता बसते. मग तालुक्याच्या गावी दुरुस्तीवाल्याकडे खेपा सुरू होतात. असा माल परत मिळवून देणारी दुकाने मोठ्या शहरांत आहेत, पण ती पैसे फार घेतात आणि खात्री कुणीच देत नाही. बैल गेला आणि झोपा केला, अशी गत होते.

म्हणून आज झोपा आधी कसा करावा ते पाहू.

आधी काय राखायचे ते ठरवा

घरात जे जे आहे ते सगळेच सारख्या मोलाचे नसते. संगणकातल्या मालाचेही तसेच आहे. त्याचे दोन भाग करावेत. पहिला भाग, जे गेले तरी पुन्हा मिळते. सातबारा आणि आठ-अचे उतारे सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतात. बऱ्याच परीक्षा मंडळांची गुणपत्रके डिजिलॉकरमध्ये मिळतात. सिनेमे आणि गाणी तर कुठेही मिळतात.

दुसरा भाग, जे गेले की गेले. घरचे फोटो, वडीलधाऱ्यांचे आवाज, फवारणीची वही, उधारी-उसनवारीचा हिशेब, वाटणीच्या जुन्या कागदांची काढलेली चित्रे, मुलाने दोन वर्षे खपून केलेले काम. फवारणीची नोंद हरवली तर निर्यातीच्या वेळी व्यापाऱ्याला काय दाखवणार? बचत गटाचा हिशेब हरवला तर वीस बायकांच्या मनात एकमेकींविषयी शंका उभी राहते, आणि ती शंका पैशापेक्षा महाग पडते.

हा दुसरा भाग बहुधा फार मोठा नसतो. एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून त्याची यादी करावी. घरधन्याला हिशेब आठवेल, कारभारणीला फोटो आठवतील, मुलांना आणखी काही आठवेल. यादीतले सगळे एकाच फोल्डरमध्ये आणावे आणि त्याला ‘घर’ असे साधे नाव द्यावे. विखुरलेल्या मालाची राखण कुणालाच होत नाही.

पार्टिशन म्हणजे काय

संगणक उघडला की बहुतेकांना ‘सी’ आणि ‘डी’ असे दोन ड्राइव्ह दिसतात. पुष्कळांची समजूत अशी की आत दोन डिस्क आहेत. बहुतेक घरगुती संगणकांत तसे नसते. डिस्क एकच असते आणि तिच्यात मधोमध बांध घातलेला असतो. या बांधाला पार्टिशन म्हणतात. पाच एकरांच्या एका पट्टीत बांध घालून अलीकडे ज्वारी आणि पलीकडे ऊस करावा, तसेच हे.

‘सी’ मध्ये विंडोज असते, म्हणजे संगणक चालवणारी यंत्रणा. ‘डी’ मध्ये आपला माल ठेवावा. याचा फायदा खरा आहे. विंडोज कधी कधी इतके बिघडते की ते पुसून नव्याने घालावे लागते. त्या वेळी ‘सी’ वर नांगर फिरतो, पण बांधापलीकडचे ‘डी’ चे पीक जसेच्या तसे राहते. म्हणून ‘घर’ हे फोल्डर ‘डी’ मध्येच असावे. डेस्कटॉपवर आणि ‘डॉक्युमेंट्स’ मध्ये ठेवलेला माल बहुधा ‘सी’ मध्येच असतो, हे लक्षात ठेवावे. दुरुस्तीवाल्याकडे संगणक देतानाही ‘माझा माल डी मध्ये आहे, त्याला हात लावू नका’ असे स्पष्ट सांगता येते.

तुमच्या संगणकात ‘डी’ नसेल तर तो करता येतो. पण त्याआधी सगळ्या महत्त्वाच्या मालाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. बांध घालताना चूक झाली तर उभे पीक जाते. प्रत घेतल्यावर स्टार्टच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. ‘सी’ च्या पट्टीवर उजवी कळ दाबून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडावे आणि किती जागा मोकळी करायची तो आकडा एमबीमध्ये लिहावा. एक जीबी म्हणजे १०२४ एमबी, म्हणून दोनशे जीबी हवे असतील तर २०४८०० लिहावे. मोकळ्या झालेल्या पट्टीवर पुन्हा उजवी कळ दाबून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ निवडावे आणि विचारेल तसे पुढे जावे. ‘सी’ ला मात्र उपाशी ठेवू नये. ५०० जीबीची डिस्क असेल तर निदान २०० जीबी त्याला राहू द्यावेत. हे जमेल असे वाटत नसेल तर जाणत्या मुलाला शेजारी बसवावे.

बांध कुठे कमी पडतो

इथपर्यंत पुष्कळ लोक येतात आणि थांबतात. ‘आमचे सगळे डी मध्ये आहे, काळजी नाही,’ असे म्हणतात. काही जण तर ‘सी’ मधल्या फाईलची एक प्रत ‘डी’ मध्ये ठेवतात आणि दोन प्रती झाल्या असे समजतात. इथे खरी मेख आहे.

बांधाने शेजारचे ढोर अडते, पूर अडत नाही. जमीन एकच आहे. डिस्क जळाली की ‘सी’ आणि ‘डी’ दोन्ही एकदम जातात. लॅपटॉप चोरीला गेला तर चोर ‘डी’ मागे ठेवून जात नाही. घरावर वीज पडली, आग लागली, पाणी शिरले, तर बांधाचा काही उपयोग नाही.

विषाणूचेही तसेच. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा विषाणू दीडशेहून जास्त देशांत पसरला. तो संगणकातल्या फायलींना कुलूप घालायचा आणि किल्लीसाठी खंडणी मागायचा. इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांची कामे त्याने अडवली. असा विषाणू ‘सी’ आणि ‘डी’ असा भेद करत नाही. त्या वेळी पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर तीही त्याच्या तावडीत सापडते.

तेव्हा पार्टिशन ही सोय आहे. ती करावीच. पण तिला राखीव प्रत समजू नये. राखीव प्रत ती, जी मूळ जागेपासून वेगळी असते.

बी कुठे ठेवतात

ही गोष्ट शेतकऱ्याच्या घराला नवी नाही. पेरणीचे बी आपण खाण्याच्या धान्यात मिसळत नाही. चांगली कणसे निवडून आढ्याला टांगतो, बी राखेत घोळून मडक्यात भरतो आणि थोडे भावाकडे किंवा लेकीच्या सासरीही देऊन ठेवतो. एका घरचे किडले तर दुसऱ्या घरचे कामी येते.

साऱ्या जगाने हीच रीत मोठ्या प्रमाणावर केली आहे. नॉर्वे देशाच्या उत्तरेला स्वालबार्ड नावाची बर्फाळ बेटे आहेत. तिथे डोंगराच्या पोटात २००८ साली बियाण्यांचे कोठार सुरू झाले. निरनिराळ्या देशांतल्या बीजपेढ्या आपल्या बियाण्यांचा एक एक वाटा तिथे नेऊन ठेवतात. उणे १८ अंश तापमानात ते बी राहते.

सीरिया देशात अलेप्पो शहराजवळ ‘आयकार्डा’ या संस्थेची मोठी बीजपेढी होती. गहू, जव, हरभरा, मसूर अशा कोरडवाहू पिकांचे जुने वाण तिच्यात होते. तिथे यादवी युद्ध पेटले आणि संस्थेला तिथून काम चालवणे अशक्य झाले. पण बियाण्यांचा मोठा वाटा आधीच स्वालबार्डला पोचलेला होता. २०१५ साली संस्थेने त्यातले बी परत मागवले, लेबनॉन आणि मोरोक्को या देशांत पेरून वाढवले आणि २०१७ साली नवे बी पुन्हा कोठारात नेऊन ठेवले. बीजपेढीने युद्ध सुरू होण्याची वाट पाहिली असती तर ते वाण आज कुठे असते?

संगणकातल्या मालालाही हाच नियम लावावा. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो तीन आकड्यांत सांगितला आणि आता जगभर तो मानला जातो : तीन, दोन, एक. मालाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी.

घरातली दुसरी प्रत

संगणकातल्या ‘डी’ मधला माल ही पहिली प्रत. दुसऱ्या प्रतीसाठी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्यावी. एक टीबीची डिस्क घरगुती कामाला पुष्कळ होते. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. तो हरवतो, मोडतो आणि वर्षानुवर्षे माल धरून ठेवण्यासाठी बनवलेला नसतो. इकडचा माल तिकडे नेण्यापुरता तो चांगला.

प्रत घेण्याचा दिवस ठरलेला असावा, नाहीतर ते काम कधीच होत नाही. अनेक गावांत अमावास्येला औत धरत नाहीत, बैलांना सुटी असते. तोच दिवस धरावा. दर अमावास्येला डिस्क जोडावी आणि तिच्यात त्या महिन्याच्या नावाचे व वर्षाचे नवे फोल्डर करून ‘घर’ ची संपूर्ण प्रत त्यात टाकावी. जुन्या प्रतीवर नवी लादू नये. कारण एखादी फाईल महिन्यापूर्वीच बिघडलेली असते आणि आपल्याला आज समजते. जुनी प्रत पुसून टाकली असेल तर दोन्हीकडे बिघडलेलीच फाईल राहील. निदान शेवटच्या तीन प्रती ठेवाव्यात. जागा संपली की सर्वांत जुनी काढावी.

काम झाले की डिस्क नीट काढून घ्यावी आणि कपाटात ठेवावी. ती संगणकाला लटकवून ठेवू नये. पावसाळ्यात वीज कडाडते, तारेतला दाब कमी-जास्त होतो, आणि विषाणूचे भय आहेच. जोडलेली नसलेली डिस्क या सगळ्यांपासून दूर राहते.

गावाबाहेरची तिसरी प्रत

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांना पूर आला तेव्हा सांगली-कोल्हापूरकडच्या गावांत पाणी घरांत शिरले आणि काही दिवस राहिले. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली तेव्हा अनेक खात्यांच्या फायली जळाल्या. कपाटात संगणक आणि कपाटातच डिस्क असेल, तर अशा वेळी दोन्ही एकदम जातात.

पाणी चढू लागले की आधी माणसे, मग जनावरे बाहेर काढायची. त्या घाईत डिस्क शोधायला कुणीही मागे फिरू नये. ती आधीच दुसऱ्या गावी असेल तर मागे फिरण्याचे कारणच उरत नाही.

यासाठी दोन डिस्क घ्याव्यात. एक घरी, दुसरी लेकीकडे, भावाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. जागा निवडताना थोडा विचार करावा. आपले गाव नदीकाठी असेल तर त्याच नदीकाठचे दुसरे गाव निवडू नये. अदलाबदल सणांना बांधून टाकावी. राखीपौर्णिमेला, भाऊबीजेला, संक्रांतीला, अक्षय तृतीयेला येणे-जाणे होतेच. नवी प्रत असलेली डिस्क न्यावी आणि तिथली जुनी घेऊन यावी. वर्षातून चार वेळा असे झाले तरी मोठे काम झाले. डिस्कमध्ये आधार कार्ड आणि बँकेचे कागद असतील तर ती विश्वासाच्या माणसाकडेच द्यावी, आणि शक्य असल्यास तिला पासवर्ड घालावा.

दुसरा मार्ग इंटरनेटचा. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. ती ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये ५ जीबी मिळते. हिशेब, फवारणीची नोंद आणि कागदांची चित्रे यांना एवढी जागा पुरते. फोटो आणि व्हिडिओ मोठे असतात, ते डिस्कवर ठेवावेत. पण तीन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, खाते घरच्या माणसाच्या नावे आणि घरच्याच मोबाईल क्रमांकावर असावे. दुकानदाराने उघडून दिलेल्या किंवा मुलाला कॉलेजने दिलेल्या खात्यावर घरचा माल ठेवू नये. कॉलेज संपले की ते खाते बंद होऊ शकते.

दुसरी, खाते अधूनमधून उघडावे. सलग दोन वर्षे न वापरलेले खाते गुगल पुसून टाकू शकते.

तिसरी, संगणकातले फोल्डर आणि इंटरनेटवरचे फोल्डर आपोआप जुळवून ठेवण्याची सोय असते, ती आरशासारखी आहे. संगणकातली फाईल पुसली की तिकडचीही पुसली जाते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. म्हणून केवळ आरशावर विसंबू नये, घरची डिस्क सोडू नये.

प्रत उघडून पाहा

बी पेरण्याआधी आपण उगवण तपासतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किती उगवले ते मोजतो. राखीव प्रतीचीही अशीच तपासणी करावी. वर्षातून दोनदा ती डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडावी आणि आतला एक हिशेब, एक फोटो व एक आवाज उघडून पाहावा.

हे न केल्याने मोठमोठ्या कंपन्या अडचणीत आल्या आहेत. अमेरिकेतली पिक्सार कंपनी १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ हा मुलांचा चित्रपट करत होती. कुणीतरी संगणकाला चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या बहुतेक फायली पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रत होती, पण ती नीट घेतलीच जात नव्हती, हे तेव्हा उघड झाले. गॅलिन सुसमन नावाच्या बाई त्या चित्रपटाचे तांत्रिक काम पाहत होत्या. घरी तान्हे मूल असल्याने त्या घरून काम करत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक थोडी जुनी प्रत होती. तो संगणक घोंगड्यांत गुंडाळून, मोटारीत घालून कंपनीत आणला आणि काम पुढे चालू झाले. कंपनीतली प्रत फसली आणि बाळंतिणीच्या घरची प्रत कामी आली.

घरात दोघांना ठाऊक असावे

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ घरांत संगणकाची सगळी माहिती एकट्या मुलालाच असते. तो नोकरीला पुण्या-मुंबईला गेला, किंवा त्याचे काही बरेवाईट झाले, तर घरचा हिशेब घरातच असून घरच्यांना परका होतो. म्हणून एक लहान वही करावी. तीत डिस्क कुठे आहे, दुसरी कुणाकडे आहे, खात्याचे नाव आणि पासवर्ड काय, हे लिहून ती दागिन्यांबरोबर ठेवावी. नव्या लॅपटॉपमधली डिस्क पुष्कळदा बिटलॉकर नावाच्या कुलपात असते. संगणक बिघडून डिस्क दुसरीकडे जोडायची झाली तर तो ४८ अंकांची किल्ली मागतो. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. ती आजच पाहून वहीत उतरवून ठेवावी. ही वही निदान दोघांना ठाऊक असावी, आणि त्यांतली एक घरची कारभारीण असावी. बी राखण्याचे काम तिने पिढ्यान् पिढ्या केले आहे, हेही ती नीट करील.

येत्या अमावास्येपर्यंत एवढे करा. यादी करा, ‘घर’ फोल्डर ‘डी’ मध्ये आणा आणि बाहेरच्या डिस्कवर पहिली प्रत घ्या. दुसरी डिस्क येणाऱ्या सणाला जाईल. पुढच्या अंकात मोबाईलमधले फोटो संगणकात कसे आणावेत ते पाहू, कारण आता घरातले निम्मे फोटो तिथेच अडकलेले असतात.